दहाव्या आणि अकराव्या आकड्यामधला धुरा

'विचलन' हा शब्द मला 'विमान' या शब्दाच्या आधी वाचता येत होता. आमच्या घरी शाळेच्या पुस्तकाआधी पत्रकं आली. बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे. भंडाऱ्याहून छापून आणलेले पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, धानाच्या कोठीवर, देवाच्या फळीवरसुद्धा असायचे. गुलाबी, पिवळा, फिका हिरवा कागद. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. छापलेल्या बाजूवर मी वाचायला शिकले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला. अजूनही माझं कुठलंही लिखाण पहिल्यांदा अशाच एखाद्या कागदाच्या पाठीवर उतरतं.

त्या पत्रकांत विचलन ही फार वाईट गोष्ट होती. ठरलेल्या मार्गावरून कुणी जरा ढळला की त्याच्यात विचलन शिरलं, असं छापलेलं असे. मला ते टायफॉइडसारखं काहीतरी वाटायचं. दर आठवड्याला आमच्याकडे येऊन तीन-तीन कप चहा पिणारे एक कार्यकर्ते अचानक यायचे बंद झाले, तेव्हा मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याईले विचलन झालं म्हणतात तुये बाबा." मी विचारलं, मग दवाखान्यात आहेत का? बाबांनी ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं हसत हसत सगळ्यांना सांगितली. ते कार्यकर्ते मात्र परत आले नाहीत.

दुसरा शब्द सरासरी. तोही पत्रकांत शत्रूच्या बाजूला उभा असायचा. तालुक्यात सरासरी इतका पाऊस पडला, सरासरी इतकं धान झालं, असे आकडे वरून खाली यायचे आणि त्यांत आमच्या टोलीवरच्या वस्तीतलं कुणीच सापडायचं नाही. अकरावीत असताना मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं. त्यात सरासरीला 'लबाड' म्हटलं होतं. बाबांनी तो शब्द तसाच छापायला दिला आणि मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. सरासरी काढता तर मला येत होती. सगळ्यांची बेरीज करा, जितके आहेत तितक्यांनी भागा. पण तिच्याकडे नीट पाहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. शत्रूकडे कोण निरखून पाहतं?

पुढे मी बसनं साकोलीला कॉलेजात जाऊ लागले. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राचा पेपर आला. शिकवायला तासिकेवर नेमलेल्या एक मॅडम होत्या. त्यांचा एकच कडक नियम होता. वर्गात कॅल्क्युलेटर काढायचा नाही, मोबाइलमधलाही नाही. कुणीतरी कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "बटण दाबलं तर उत्तर भेटते. आकडे नाही भेटत."

पहिल्याच दिवशी त्यांनी पाच जणांना उभं केलं आणि घरापासून वर्गापर्यंत यायला किती मिनिटं लागतात ते विचारलं. दहा, वीस, तीस, चाळीस. पाचवी मी होते. आमच्या गावाहून फाट्यापर्यंत चालत, मग बसची वाट, मग बस. मी शंभर सांगितले. बेरीज दोनशे, भागिले पाच, सरासरी चाळीस. मला आतून हसू आलं. बघा, म्हटलं, हिची लबाडी. चाळीस मिनिटांत मी फाट्यावरही उभी नसते.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रमाण विचलन'. इतक्या वर्षांनी तो शब्द असा खडूनं, स्वच्छ, कुणावरही आरोप न करता लिहिलेला पाहून मी चरकले. मी हात वर करून विचारलं, किती चुकलेलं चालतं हे सांगणारा आकडा आहे का हा? मॅडम म्हणाल्या, यात कुणी चुकलेलं नसतं. कोण सरासरीपासून किती लांब आहे, एवढंच यात असतं.

प्रत्येकाच्या आकड्यातून चाळीस वजा केले. उणे तीस, उणे वीस, उणे दहा, शून्य, आणि माझे अधिक साठ. त्यांची बेरीज केली तर शून्य आली. मला वाटलं माझं काही चुकलं. पुन्हा केली. शून्यच. मॅडम म्हणाल्या, कुठलेही आकडे घ्या, नेहमी शून्यच येणार. मी घरी जाताना बसच्या तिकिटाच्या पाठीवर मनाला येतील ते आकडे घेऊन करून पाहिलं. प्रत्येक वेळी शून्य. एकाची कमी दुसऱ्याच्या जास्तीत बुडून जाते आणि वर पाणी सपाट दिसतं. सरासरी अशी उभी राहते तर. ती लबाड नव्हती. तिच्याजवळ सांगायला तेवढंच होतं.

आणि पुढची पायरी. प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा. वर्ग केला की उणे उरत नाही. कुणाचं कमी असणं कुणाच्या जास्त असण्यात बुडवता येत नाही. नऊशे, चारशे, शंभर, शून्य आणि छत्तीसशे. पाच हजारांतले छत्तीसशे एकटीचे माझे. माझं फाट्यापर्यंतचं चालणं, माझं बसची वाट बघणं पहिल्यांदा कुठल्यातरी हिशेबात एवढं मोठं होऊन बसलं होतं. पाच हजार भागिले पाच, एक हजार. त्याचं वर्गमूळ मॅडमनी भागाकाराच्या पद्धतीनं काढायला लावलं, दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून. एकतीस पूर्णांक बासष्ट. मी त्या आकड्याकडे बघत बसले. आमची पत्रकं इतकी वर्षं जे ओरडून सांगत होती, ते कुणीतरी न ओरडता सांगण्याची रीत शोधून ठेवली होती, आणि तिचं नाव विचलन होतं.

मला ही विद्या कुणाला तरी दाखवायची फार घाई झाली. ती संधी मला हवी होती तशी आली नाही.

आमच्या गावाच्या तलावात पाणी उरलं की उन्हाळी धान लावतात. पावसाळ्यात सगळं शिवार धानाचं असतं, पण उन्हाळ्यात पाणी पोचेल तेवढ्याच बांध्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरा, मातीचा बांध, घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. त्या वेळी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, मोजकीच निघते आणि गावात ती करणारी बारा बायकांची एक टोळी आहे. टोळीची पुढारी माझी मोठी आई, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. माघारी सरकत, वाकून, डाव्या हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची, पेंडी धरून उजव्या हातानं चार-चार रोपांचा एकेक चूड लावत जाणारी ती बारा पाठींची रांग मी जन्मापासून लांबून बघत आले होते. आईला कंबरेचा त्रास होता, त्यामुळे आमच्या घरून टोळीत कुणी जात नव्हतं. शेतमजुरांवर पत्रकं लिहिणारी मी रोवणीच्या चिखलात कधीच उतरले नव्हते, हे इथे कबूल केलं पाहिजे.

त्या वर्षी तलावाच्या कालव्यावर सगळ्यात जास्त बांध्या असलेल्या शेतमालकानं रोवणीचं मशीन आणायचं ठरवलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. माणूस वाईट नाही. आधीच्या हंगामात टोळी दुसरीकडे अडकली होती आणि त्यांचे पऱ्हे वाफ्यातच जून झाले होते, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. शिवाय मशीन सरळ रेषेत, सारख्या अंतरावर लावतं, हे त्यांनी ऐकलं होतं. काकांनी मशीन घेतलं की कालव्यावरचे बाकीचेही तेच घेणार हे उघड होतं. मग बारा बायकांना कापणीपर्यंत गावात काम नव्हतं.

मोठी आई त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिथे जे ठरलं ते तिनं आमच्या घरी येऊन सांगितलं. लागून असलेल्या दोन बांध्या. एक मशीन रोवणार, एक टोळी. दोन्हीकडं पऱ्हे सारखेच. मग रोपारोपांतलं अंतर मोजायचं. काका म्हणाले होते, "ज्याचा फरक कमी, बाकीचं रोवणं त्याचं. अना मोजाले तुयाच पुतणीले बोलाव, वैनी. कॉलेजात तेच शिकते म्हणे. मंग कोणी नाव ठेवाले नको."

मी त्या वेळी ताट सोडून उठले होते असं आई सांगते.

रोवणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी, सुतळी आणि गुलाबी कागद घेऊन गेले. मॅडमनी सांगितलं होतं, डोळ्यांनी जागा निवडायची नाही, डोळा आपल्या माणसाच्या बाजूनं झुकतो. म्हणून मी बांधीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपी सुतळी बांधली. तिरपी, म्हणजे बाराही जणींच्या ओळी तिच्याखाली येतील. दर पाच पावलांना थांबायचं आणि पायाशी असलेल्या दोन चुडांमधलं अंतर मोजायचं. वीस वेळा. गुडघ्याखाली चिखल, ओच्यात कागद, दातांत पेन. धुऱ्यावर बसलेल्या बायकांची करमणूक चालली होती. एक जण म्हणाली, शाळेची पट्टी लागली, आता हे धान पास होऊनच उगवन. दुसरी म्हणाली, नापास झालं तर पुन्हा रोवा लागन काय वो? मोठी आई हसली नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती, मी एखादा चूड तुडवते की काय म्हणून.

मशीनच्या बांधीतही तसंच केलं. घरी येऊन पाय धुतले आणि दुपारी घरापुढच्या सपरीत बसून गुलाबी कागदाच्या कोऱ्या बाजूवर दोन तक्ते आखले.

मशीनचा आधी केला. वीस अंतरांची बेरीज तीनशे साठ, सरासरी अठरा सेंटिमीटर. फरक कुठे एक, कुठे शून्य, दोनदाच दोन. वर्गांची बेरीज वीस. भागिले वीस, एक. एकाचं वर्गमूळ एक. इतकं गुळगुळीत उत्तर आलं की मला त्या मशीनचा राग आला.

मग टोळीचा. बेरीज तीनशे साठ. पुन्हा तीनशे साठ! सरासरी अठरा. मी टाळी वाजवली. मोठ्या आईनं पट्टी आयुष्यात हातात घेतली नव्हती आणि तिच्या बारा जणींची सरासरी मशीनच्या सरासरीला तंतोतंत मिळत होती. मी हसत हसत पुढचे रकाने भरायला घेतले आणि हसू हळूहळू गेलं. नऊ. चार. नऊ. सोळा. वर्गांची बेरीज एकशे नव्वद झाली. भागिले वीस, साडेनऊ. वर्गमूळ काढायला घेतलं. तीन त्रिक नऊ. उरले पन्नास, त्यात साठ जात नाहीत, म्हणून शून्य. पुढची जोडी उतरवली, पाच हजार. सहाशे आठ गुणिले आठ, चार हजार आठशे चौसष्ट. तीन पूर्णांक शून्य आठ.

मशीन एक. बायका तीनच्या वर.

पुन्हा केलं. तेवढंच.

बाबा पलीकडे पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला, कागद मागितला, शेवटची ओळ वाचली. सुतळीची गाठ बोटांत फिरवली. मग म्हणाले, "काकाले सांग, मोजता नाई आलं. पट्टी चिखलात हलत होती म्हण."

"हलत होती. दोन्हीकडं हलत होती."

"बारा जणीचं काम आहे ते. तो आकडा खिशात ठेव."

मी त्यांना म्हणाले, "बाबा, छापलेलं परत घेता येत नाई, म्हणून खोटं छापाचं नाई, हे तुमीच शिकवलं. हे काय न छापलेलं म्हणून चालते?"

बाबांनी सुतळीची गाठ आवळली. गठ्ठा उचलून आत गेले. मी त्यांना बोलून जिंकले, पण कागदावर मोठी आई हरलेलीच होती. मला तेव्हा रडू आलं, आणि रडू येत असताना माणूस जे करतो तेच मी केलं. कुठेतरी हाताची चूक सापडेल म्हणून वरपासून एकेक आकडा बोट ठेवून तपासायला लागले.

पंधरा. अठरापेक्षा तीन कमी. उणे तीन.
सोळा. उणे दोन.
पंधरा. उणे तीन.
चौदा. उणे चार.

दहाव्या आकड्यापर्यंत उणे, उणे, उणे. अकरावा आकडा एकवीस, अधिक तीन. बारावा वीस, अधिक दोन. तिथून खाली विसाव्यापर्यंत सगळे अधिक. मध्ये एकही मिसळलेला नाही. मशीनच्या तक्त्यात उणे आणि अधिक वाटेल तसे विखुरले होते. इथे ते दोन गटांत उभे होते, जसे काही कुणी मध्ये दोरी धरली होती.

आणखी एक गोष्ट दिसली. सरासरी अठरा होती आणि त्या वीस आकड्यांत अठरा कुठेच नव्हता. सतराही नव्हता. एकोणीसही नव्हता. वरच्या दहांत जास्तीत जास्त सोळा, खालच्या दहांत कमीत कमी वीस. ज्या आकड्यापासून मी सगळ्यांची लांबी मोजत बसले होते, तिथे कुणी राहतच नव्हतं.

मी बटण दाबलं असतं तर तीन पूर्णांक शून्य आठ एवढंच मिळालं असतं. उणे चिन्हांची ती रांग कॅल्क्युलेटरच्या पोटात राहिली असती आणि मला कधी दिसली नसती. मॅडमचं वाक्य तेव्हा मला कळलं.

मी दहाव्या आणि अकराव्या आकड्याच्या मध्ये एक आडवी रेघ मारली आणि कागद घेऊन तलावाकडे धावले. ऊन अजून होतं. मोठी आई पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून पायाच्या भेगांतला चिखल धूत होती. मी तिला कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, पण रेघ दिसली. मी विचारलं, बांधीच्या अर्ध्यावर तुम्ही काही वेगळं केलं का? वरती जवळ जवळ लावलं आणि खालती लांब लांब?

तिला प्रश्नच समजला नाही. काही वेगळं नाही केलं, म्हणाली. जसं रोवतो तसंच रोवलं. मी पंधरा आणि एकवीस हे आकडे बोटांनी दाखवले, एवढं आणि एवढं. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"तेथे धुरा होता ना," ती म्हणाली.

"कुठं?"

"मधात. दोन बांध्या होत्या त्या. तुया काकानं दोन सालाखाली ट्रॅक्टरनं धुरा मोडला अना एक केली, मोठी पाहिजे म्हणून. वरची बरड आहे, भुकी जागा. तेथे पऱ्हे जवळ लावाचे, एकमेकाले धरून राह्यतात. खालती गाळ आहे, तेथे फुटवे लगित दाट फुटतात. जागा नाही सोडली तर कोंडतात."

"पण धुरा तर आता नाही. दिसत नाही काही."

"मातीले समजते ना. पायाले लागते."

"बाराही जणींच्या?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हिला शिकवून काय उपयोग. "पाय सगळ्याईलेच आहे, बाई."

मी तिथेच पाळीवर बसले आणि मांडीवर कागद ठेवून दोन नवे तक्ते केले. रेघेच्या वरचे दहा, त्यांची सरासरी पंधरा, फरकांच्या वर्गांची बेरीज चार. रेघेच्या खालचे दहा, सरासरी एकवीस, वर्गांची बेरीज सहा. वर्गमूळं काढली. वरचं प्रमाण विचलन शून्य पूर्णांक त्रेसष्ट. खालचं शून्य पूर्णांक सत्त्याहत्तर. दोन्ही मशीनच्या एकापेक्षा कमी.

बारा बायका, बारा वेगळी वयं, कुणाचा हात मोठा, कुणाचा लहान, सगळ्या माघारी सरकताहेत, पुढे काय येतंय ते बघतही नाहीत, आणि जमिनीच्या पोटात पुरलेल्या धुऱ्यावर आल्या की बाराही हात एकदम आपलं अंतर बदलतात. कुणी कुणाला सांगत नाही. आपण काही बदललं हेही त्यांना ठाऊक नाही. पत्रकांतून मी त्यांना कष्टकरी म्हटलं होतं, शोषित म्हटलं होतं, जागृत व्हा म्हटलं होतं. त्या माझ्यापेक्षा किती जाग्या आहेत हे मला चौदा, पंधरा, सोळा या आकड्यांनी सांगितलं. आणि ज्याला विचलन म्हणून बाबा खिशात लपवायला सांगत होते, ते त्यांचं ज्ञान होतं.

मोठ्या आईनं विचारलं, हा आकडा जास्त चांगला की कमी? कमी, मी म्हटलं. एकाचे शंभर भाग केले तर त्यातले त्रेसष्ट. तिनं मान हलवली, पायावर पाणी ओतलं आणि म्हणाली, मग कमीच राहू दे.

दुसऱ्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा तीन पूर्णांक शून्य आठच सांगितला. तो आधी सांगायचा हे मी रात्रीच ठरवून टाकलं होतं. बाबा मागे उभे होते, त्यांनी डोळे मिटले. काका म्हणाले, म्हणजे मशीन जिंकलं. मी म्हटलं, तुम्ही घातलेल्या अटीनं, हो. आता हा दुसरा कागद पहा.

काकांना वर्ग आणि वर्गमूळ समजावायला मला फार वेळ लागला नाही. उणे आणि अधिक चिन्हांची रांग त्यांनी स्वतःच बोटानं मोजली. दहाव्यावर थांबले. मग चपला काढून बांधीत उतरले आणि म्हणाले, "वैनी, धुरा कोठी होता, दाखव बरं."

मोठी आई दुसऱ्या बाजूनं उतरली. ओळींमधून चालत आली, दोन ठिकाणी पाऊल दाबून पाहिलं आणि एका जागी उभी राहिली. तिथे काही खूण नव्हती. चिखल, पाणी आणि हिरवे चूड. मी सुतळीच्या कोपऱ्यापासून पावलं मोजत आले. पन्नास पावलांवर, म्हणजे माझ्या दहाव्या मापाच्या जागेवर, ती माझ्यासमोर दोन हातांवर उभी होती.

काका तिच्याजवळ येऊन उभे राहिले. हा धुरा त्यांच्या बापानं घातला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले की मशीनवाला येऊन राहिला, त्याला नाही म्हणता येत नाही.

संध्याकाळी निरोप आला. धुरे मोडून जोडलेल्या सात बांध्या टोळीच्या, सपाट मोठ्या चार बांध्या मशीनच्या. बारा जणींना पंधरा-सोळा दिवसांचं काम होतं, ते नऊ दिवसांचं झालं. कालव्यावरच्या दुसऱ्या दोघांनी काकांचं बघून तशीच वाटणी केली, बाकीच्यांनी पूर्ण मशीन लावलं. बाबांना या सगळ्यावर एक पत्रक काढायचं होतं. यंत्रावर हातांचा विजय, असा मथळा त्यांनी सुचवला. मी म्हटलं, माझा कागद तसं म्हणत नाही. सपाट बांधीत मशीन सारखंच लावतं, तेही लिहावं लागेल. आमचं त्यावरून दोन दिवस वाजलं. शेवटी ते पत्रक निघालंच नाही. आमच्या घरात न निघालेलं ते पहिलं पत्रक असावं.

टोळीच्या शेवटच्या बांधीच्या दिवशी मी कॉलेज बुडवून गेले. मोजायला नव्हे, रोवायला. मोठ्या आईनं मला आपल्या बाजूला घेतलं आणि पेंडी हातात दिली. माझे चूड वाकडे जात होते, अंतर वाटेल तसं पडत होतं, बायका मला मशीनवाल्याची बहीण म्हणून चिडवत होत्या. मी तर एकाच ओळीत बारापासून पंचवीसपर्यंत सगळे आकडे लावले असतील. त्याचं प्रमाण विचलन काढायची माझी हिंमत झाली नाही.

अर्ध्यावर मोठी आई म्हणाली, "आता पाय ठेव. या बांधीचा धुरा येथे होता."

मी पाय ठेवला. मला काहीच लागलं नाही. चिखल होता तसाच होता. तिनं माझा पाय धरून जरा मागे सरकवला, मग पुढे. तेव्हा टाचेखाली काहीतरी किंचित घट्ट लागलं, किंवा लागल्यासारखं वाटलं. वरच्या बाजूचा शेवटचा चूड तिनं लावलेला होता. एक पाऊल मागे सरून तिनं खालच्या बाजूचा पहिला लावला. दोन्हींच्या मध्ये तो पुरलेला धुरा.

"हे मोज," ती म्हणाली.

मी ओच्यातून पट्टी काढली आणि पाण्यात धरली. पट्टी हलत होती, माझ्या बोटांना चिखल होता. सतरा होते की अठरा, माझ्या तक्त्यात कुठेच नसलेले आकडे, मी दोनदा वाचलं. तोपर्यंत ती पुढच्या तीन ओळी लावून माझ्यापासून लांब गेली होती आणि मला माघारी सरकायला सांगत होती.